रामशेजवरून दिसणारा सेनापती

रामशेज चढायला तासभर पुरतो. नाशिकहून पेठ रस्त्याने निघून आशेवाडीला गाडी लावायची आणि पायऱ्यांच्या वाटेला लागायचे. मध्येच गुहेतले रामाचे मंदिर लागते, तिथे घोटभर पाणी प्यायचे, की थोड्याच वेळात आपण दरवाजात. समुद्रसपाटीपासून उंची सव्वातीन हजार फुटांच्या आसपास. पण नाशिकचे पठारच मुळात उंच, त्यामुळे पायथ्याशी उभे राहिले की गड डोळ्यांत भरत नाही. साल्हेर पाहून आलेल्या माणसाला तर ही टेकडीच वाटेल.

आम्ही तिघे-चौघे वर्षातून एकदा तरी इथे येतो आणि दर वेळी टाक्यापाशी बसून डबे उघडले की एकच वाद सुरू होतो. औरंगजेबाशी झालेल्या सत्तावीस वर्षांच्या युद्धातला सर्वांत थोर सेनापती कोण? एकाचे उत्तर ठरलेले : संताजी घोरपडे. दुसरा धनाजीचा. तिसरा संभाजी महाराजांपलीकडे कोणाचे नाव ऐकायला तयार नसतो. मी बरीच वर्षे संताजीच्या बाजूने भांडलो. आता माझे मत बदलले आहे, आणि ते बदलायला हाच गड कारण झाला.

हा वाद फावल्या वेळेतला खेळ आहे असे मला वाटत नाही. आपण कोणाला थोर म्हणतो, त्यावरून ते युद्ध आपल्याला कसे समजले आहे हे कळते. एका झुंजीत कोण भारी पडला, असे विचारले तर उत्तर तलवारीच्या टोकावर सापडते. पण १६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब बुऱ्हाणपुरास येऊन पोचला आणि थेट १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरला त्याने डोळे मिटले. मधल्या काळात त्याने विजापूर बुडवले, गोवळकोंडा बुडवला, मराठ्यांचा एक छत्रपती मारला, दुसऱ्याला जिंजीपर्यंत पिटाळले. मोठ्या लढाया जिंकणे हाच निकष धरला, तर या युद्धाचा नायक बादशहाच ठरेल. तसे झाले नाही, तो हरला. मग तो कशाने हरला, हे सांगता आल्याशिवाय थोर सेनापतीचे नाव घेण्यात अर्थ नाही.

आधी संताजीकडे वळतो, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. रणांगणावर त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात दोन्ही बाजूंना नव्हता. १६९० मध्ये साताऱ्याजवळ सर्जाखानासारखा नामांकित सरदार कैद झाला, १६९२ च्या अखेरीस कांचीपुरमच्या बाजूला अलीमर्दानखान हाती लागला. पण संताजीचे खरे शहाणपण १६९५ च्या दोद्देरीच्या मोहिमेत दिसते. चित्रदुर्गाच्या त्या मुलखात कासिमखान फौजेनिशी येत होता, त्याच्या मदतीला बादशहाने खानाजादखानास धाडले होते. संताजीने आपल्या फौजेचे तीन भाग केले. एकाने पुढे गेलेल्या डेऱ्या-राहुट्यांवर झडप घालायची, दुसऱ्याने धावून येणाऱ्या फौजेला तोंड द्यायचे, तिसऱ्याने राखीव राहून जिथे फट दिसेल तिथे घुसायचे. मोगल फौज दोद्देरीच्या गढीत कोंडली गेली. आत धान्य नाही, जनावरांना चारा नाही. कासिमखान त्या गढीतच मेला, खानाजादखानाने शरण येऊन जीव वाचवला. सोडवायला निघालेला हिंमतखान पुढच्याच जानेवारीत बसवापट्टणजवळ गोळी लागून पडला. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान मराठ्यांचा मित्र नव्हे. पण संताजीशी गाठ पडलेला माणूस मारला जाई, जखमी होई किंवा कैद होई, आणि त्याच्यावर चालून जायला कोणी अमीर राजी नसे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. शत्रूच्या लेखणीतून याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणाला मिळणार?

तरीही मी त्याची बाजू सोडली. कारण एका तारखेत आहे. १६९७ च्या जूनमध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात संताजी मारला गेला, तोही मोगलांच्या चढाईत नव्हे, आपल्याच माणसांच्या वैरातून. राजाराम महाराजांशी त्याचे बिनसले होते, सेनापतिपद गेले होते, धनाजीशी उघड लढाई झाली होती. त्याची शिस्त इतकी कडक की छोट्या कसुरीला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा. त्याच शिक्षेने बळी गेलेल्या अमृतराव निंबाळकराचे वैर नागोजी माने याच्या हातून त्याच्यावर उलटले, असे सांगतात. दोष एकट्या संताजीचा होता असे मी म्हणत नाही. असा माणूस सांभाळता आला नाही, हा जिंजीच्या दरबाराचाही दोष होता. पण संताजी गेल्यावर युद्ध संपले नाही. ते आणखी जवळजवळ दहा वर्षे चालले आणि त्याच दहा वर्षांत ते जिंकले गेले. हानिबलने कॅनेच्या मैदानात रोमन सैन्य कापून काढले, तरी रोम उभे राहिले आणि कार्थेज गेले. लढाया जिंकणारा आणि युद्ध जिंकणारा, या दोन व्यक्ती वेगळ्या असू शकतात.

शत्रुपक्षालाही या वादात जागा द्यायला हवी. झुल्फिकारखानाने रायगड घेतला, जिंजीही घेतली. पण जिंजीला आठ वर्षे लागली आणि १६९८ मध्ये गड हाती आला तेव्हा राजाराम महाराज निसटून गेलेले होते. ज्याच्यासाठी वेढा घातला तोच पिंजऱ्याबाहेर. झुल्फिकारखानाचा विचार मी इथेच थांबवतो.

आता रामशेज. १६८२ मध्ये बादशहाने नाशिक-बागलाणकडे फौज पाठवली. नाशिकला मोगल दफ्तरात गुलशनाबाद म्हणत. शहाबुद्दीनखानाने रामशेजला वेढा घातला. गड साधा, शिबंदी थोडी, आत लोखंडी तोफा नाहीत. किल्लेदाराने झाडाचे बुंधे पोखरून त्यांवर कातडे चढवले आणि लाकडी तोफा केल्या. त्या लाकडी तोफांचा मारा मोगलांना फार जड गेला, हे खाफीखानच सांगतो. शहाबुद्दीनने गडाच्या उंचीचा लाकडी दमदमा उभारून त्यावरून मारा केला. आजूबाजूच्या रानातली किती झाडे त्यात गेली असतील, याचा विचार दर वेळी वरून खाली पाहताना मनात येतो. गड पडला नाही. मग बादशहाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश आला. त्याने एक युक्ती केली. एका अंगाला मोठा गलबला करायचा, सगळी शिबंदी तिकडे धावेल, आणि दुसऱ्या अंगाने निवडक माणसे दोरांनी गुपचूप वर चढतील. किल्लेदाराने ते ओळखले. त्याने गलबल्याच्या बाजूला गलबलाच करवला आणि आपली खरी माणसे दुसऱ्या कड्यावर दबा धरून बसवली. वर आलेली डोकी तिथेच फुटली. पुढे एका मांत्रिकाच्या नादी लागून सोन्याचा नाग पुढे धरून चढाई करण्यापर्यंत खानाची मजल गेली. गोफणीच्या धोंड्याने तो मांत्रिकही लोळला. अखेर दमदम्याची लाकडे पेटवून देऊन कोकलताश निघून गेला.

पाच वर्षांहून अधिक काळ हा गड झुंजला. शेवटी गेला तो सुलतानढव्याने नव्हे, पैशाने. पहिल्या किल्लेदाराचे नाव काय यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. कोणत्याही शहराने आपल्या चौकाला द्यावे असे ते नाव आहे.

पण मला इथे बसून जे दिसले ते त्याच्या शौर्यापुरते नाही. वेढा चालू असताना संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना बाहेरून पाठवले होते. आत शिबंदी दगड-गोफणीने तग धरते आणि बाहेर फिरती फौज वेढा घालणाऱ्याचीच रसद मारते. मग वेढ्यात कोण अडकले? गडावरची मूठभर माणसे, की खाली तंबू ठोकून बसलेली ती अवाढव्य फौज, जिला रोज धान्य लागते, चारा लागतो, पगार लागतो? ही पद्धत रामशेजवर सुचली असे मी म्हणणार नाही. डोंगरी मुलखातली ती जुनीच अक्कल आहे आणि थोरल्या महाराजांनी ती घडवली. पण या सत्तावीस वर्षांतला तिचा पहिला लांबलचक प्रयोग नाशिकच्या वेशीवर झाला. त्यातला हिशेब सरळ आहे. गडाची किंमत शत्रूकडून जास्तीत जास्त वसूल करायची, तो गेला तर जाऊ द्यायचा आणि शत्रू पुढे सरकला की परत घ्यायचा.

हा हिशेब एका गडापुरता जमणे वेगळे आणि साऱ्या राज्याचे धोरण म्हणून, डोके शांत ठेवून, सात वर्षे राबवणे वेगळे. ते ज्या व्यक्तीने केले, तीच माझ्या लेखी या युद्धाची सेनापती. महाराणी ताराबाई.

हे नाव घेतले की टाक्यापाशी क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतो, "अरे, राणी म्हणून थोर होत्या, मान्य, पण आपण सेनापतीचं बोलतोय." मला वाटते, आपल्या मनातले युद्ध १६८९ ला तुळापुरास थांबते. नंतरची अठरा वर्षे आपल्याला संताजी-धनाजीच्या दोन-चार गोष्टींपुरती ठाऊक असतात. पाण्यात संताजी-धनाजी दिसतात म्हणून मोगलांची घोडी पाणी पीत नसत, ही गोष्ट प्रत्येक पोराला येते. १७०० नंतर काय झाले, ते कोणी सांगत नाही.

२ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज वारले. मोगल छावणीत आनंदाचे नगारे वाजले. साहजिकच होते. संभाजी महाराज गेलेले, शाहू कैदेत, संताजी गेलेला, आणि गादीवर बसवायचे तर चार वर्षांचे मूल. ताराबाईंचे वय तेव्हा पंचवीसच्या घरात. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी. वाईच्या लढाईत १६८७ मध्ये बाप पडला तेव्हा ती बारा वर्षांची होती. एप्रिलमध्ये सातारा पडला. साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांनी उडवलेला सुरुंग त्यांच्याच माणसांवर कोसळून शेकडो मेले, पण गड अखेर गेला. मागोमाग परळी गेली, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. नुसती यादी वाचली तर ही पराभवांची मालिका वाटते. मीही ती तशीच वाचत असे.

आता तीच यादी रामशेजचा हिशेब हाती घेऊन वाचा. ऐंशी ओलांडलेला बादशहा, ज्याच्या राज्याची हद्द काबूलपासून कावेरीपर्यंत, तो स्वतः सह्याद्रीत एकेक गड घेत फिरतो आहे. एकेका गडाला महिनोन्‌महिने. यांतले बहुतेक गड रक्कम मोजून आणि शिबंदीला सुखरूप वाट देऊन त्याच्या ताब्यात आले. सरळ चढाईने घेतला तो मुख्यतः तोरणा. विशाळगड पावसाच्या तोंडावर मिळाला, आणि तिथून पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पंधरा कोसांच्या वाटेवर शाही लवाजमा चिखलात, फुगलेल्या ओढ्यांत महिनाभराहून जास्त रुतून राहिला. उंट, बैल, हत्ती वाटेत पडले. गडावरचे लोक रक्कम घेऊन उतरले आणि पुढच्या गडावर कामाला लागले. बादशहाच्याच खजिन्यातून त्याच्याविरुद्धच्या युद्धाचा खर्च निघत होता. बादशहा जग सोडण्याच्या आगेमागे सिंहगड, राजगड, सातारा, पन्हाळा हे गड पुन्हा मराठ्यांकडे होते.

गड ही धोरणाची एक बाजू. दुसरी बाजू मोगलांच्या घरात होती. बादशहा सह्याद्रीत गुंतला असताना १७०३ मध्ये नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरला. १७०६ मध्ये धनाजी गुजरातेत उतरला आणि रतनपूरला मोगल फौज उधळून तिचे सरदार त्याने कैद केले. खाफीखान या टप्प्याचे वर्णन करताना एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. मराठे आता लुटून निघून जात नसत. ठिकठिकाणी स्वतःचे कमाविसदार नेमत, वाटांवर राहदारी वसूल करत, जणू मुलूख त्यांचाच. आणि या सगळ्यामागची बुद्धी तो ताराबाईंची मानतो. त्यांना शहाणी आणि दूरदृष्टीची म्हणतो. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना मोगलांच्या चाकरीत ही सगळी युद्धे डोळ्यांनी पाहत होता. त्याच्या मते त्या आपल्या नवऱ्यापेक्षा खंबीर राज्यकर्त्या होत्या. फारसीतले हे सारे सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणून ठेवले आहे, आणि ताराबाईंच्या काळातली पत्रे अप्पासाहेब पवारांच्या संपादनात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने छापली आहेत. पुरावा दडलेला नाही, आपण तो हातात घेत नाही.

"पण लढला तर धनाजी," हा ठरलेला आक्षेप. लढला, आणि उत्तम लढला. पण धनाजीने गुजरातेत जायचे, नेमाजीने माळव्यात, परशुरामपंतांनी गडांवर बसायचे, आणि या तिघांनी एकमेकांशी भांडू नये, हे जमवणे कोणाचे काम? संताजी आणि धनाजी यांना एका दावणीला ठेवणे राजाराम महाराजांना जमले नव्हते. ताराबाईंच्या काळात, निदान बादशहा जिवंत असेपर्यंत, तसली फूट पडली नाही. कुतुझोव्हने १८१२ मध्ये मॉस्को सोडून दिले आणि नेपोलियन हरला. तिथे मॉस्को सोडण्याचा निर्णय घेणाऱ्याला आपण सेनापती म्हणतो. मग इथे निकष का बदलावा?

या वादात मला सर्वांत जास्त अडवतो तो रामचंद्रपंत अमात्य. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले तेव्हा महाराष्ट्र 'हुकूमतपनाह' म्हणून त्याच्या हाती होता. गडांची व्यवस्था त्याने उभी ठेवली, वतनांच्या आशेने माणसे बांधून ठेवली, आणि आज्ञापत्रात गडांविषयी जे लिहिले तसे युद्धशास्त्र मराठीत पुन्हा फार थोड्यांनी लिहिले. ताराबाईंना जी घडी मिळाली ती त्याने बसवलेली होती. तरीही मी त्याला दुसरा क्रमांक देतो. राज्य तगवणे एक, आणि तगलेल्या राज्याला शत्रूच्या मुलखात पाठवणे दुसरे. नर्मदेपलीकडे मराठी घोडे पुन्हापुन्हा नेण्याचा निर्णय ताराबाईंच्या काळातला आहे, आणि पुढच्या शतकाची वाट त्याच निर्णयाने उघडली.

माझ्या उमेदवाराच्या पदरात दोष नाहीत असे नाही. नवरा गेल्यावर त्यांनी बादशहाकडे तहाचे बोलणे लावले होते. बादशहाने ते झिडकारले नसते तर इतिहास वेगळा झाला असता. सरदारांना परमुलखात मोकळे सोडल्याने राज्य वाचले, पण त्या मोकळेपणातूनच आपापला सवतासुभा मांडण्याची खोड लागली. आणि १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले तेव्हा ज्या हट्टाने बादशहाला टक्कर दिली, त्याच हट्टाने त्या घरातल्या माणसाशी लढल्या. खेडच्या लढाईत धनाजी पलीकडे गेला, डाव हातून निसटला, १७१४ मध्ये सवतीने सत्ता काढून घेतली. पुढे म्हातारपणी साताऱ्यात छत्रपती रामराजाला कैदेत ठेवण्याचा प्रसंगही त्यांच्याच नावावर आहे. मला हे लपवायचे नाही. पण वाद सत्तावीस वर्षांच्या युद्धाचा आहे, शहाऐंशी वर्षांच्या आयुष्याचा नाही.

शिवाय या दोषांमुळेच आपल्याला त्यांचा विसर पडला, असे मला वाटते. पुढचे शतक साताऱ्याच्या गादीचे आणि पेशव्यांचे. बखरी त्यांच्या छायेत लिहिल्या गेल्या. त्या गादीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईचा पराक्रम आळवून सांगण्यात कोणाला गोडी वाटणार? कोल्हापूरने त्यांना आपले म्हटले. बाकीच्या महाराष्ट्राने त्यांना कोल्हापूरवर सोपवले.

आपल्याकडे थोरपणाचे दाखले बाहेरून आणण्याची सवय आहे. बाजीरावाच्या पालखेडच्या मोहिमेला माँटगोमेरीने वाखाणले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ती वाखाणण्याजोगी होतीच. वैजापूरजवळचे ते पालखेड इथून फार दूर नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने तिथे निजामाला त्याच्या तोफखान्यापासून तोडले, पाण्यापासून तोडले आणि मोठी कत्तल न करता तहाला बसवले. तो निजाम म्हणजे रामशेजखाली दमदमा बांधणाऱ्या शहाबुद्दीनखानाचा मुलगा. बापाला गोदावरीच्या खोऱ्यात एक गड घेता आला नाही, मुलाला त्याच खोऱ्यात पाणी मिळाले नाही. या दोन प्रसंगांमधल्या सेहेचाळीस वर्षांत लढण्याची पद्धत बापाकडून मुलाकडे जावी तशी इकडेही हातोहात गेली, आणि सर्वांत बिकट वळणावर ती ज्या हातांत होती ते हात एका पंचविशीतल्या विधवेचे होते.

गेल्या खेपेला उतरताना ऊन कलले होते. उत्तरेला सातमाळेची रांग धुरकट दिसत होती. संताजीचा पक्ष घेणारा मित्र मागे रेंगाळला होता. "तुझं म्हणणं पटतं, पण मन मानत नाही," एवढेच तो बोलला. मी त्याला सांगितले, की ९ डिसेंबर १७६१ ला, पानिपताचे वर्ष सरता सरता, ताराबाई साताऱ्यात गेल्या. कृष्णाकाठी संगम माहुलीला त्यांची समाधी आहे. आमच्यापैकी कोणीही ती पाहिलेली नाही. या पावसाळ्यानंतर तिकडे जायचे ठरले आहे. डबे तिथे उघडू, आणि उरलेला वाद तिथे घालू.